सप्टेंबरची वाट बघू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या संक्रांतीला कुणीतरी तुला "कुठल्या कॉलेजात आहेस?" असं विचारलं. तू "अजून ठरायचंय" म्हणालीस आणि तिळगूळ घ्यायच्या निमित्तानं बाजूला झालीस. मी मागेच उभी होते. चारचौघांत बोलण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितेय.

तू कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या ओहलोनी कॉलेजात शिकतेस. ते कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं, म्हणून तुला नाव सांगायला जड गेलं. पहिलं सेमिस्टर पारही पडलंय. इथल्या कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवताना मी एक गोष्ट वारंवार पाहते. जिला आपल्या कॉलेजचं नाव सांगायला संकोच वाटतो, ती विषय निवडायला मदत करणाऱ्या काउन्सेलरच्या दारापर्यंत जात नाही, प्रोफेसरना शंका विचारत नाही आणि वर्ग सुटला की थेट पार्किंग गाठते. बुद्धी कमी पडून अडलेली मुलं मला थोडी भेटली. न विचारल्यामुळे अडलेली मात्र पुष्कळ भेटली, आणि त्यांच्याबद्दल फार हळहळ वाटते.

ही कॉलेजं कुणाची सोय लागली नाही म्हणून निघालेली नाहीत. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली एका हायस्कूलमध्येच सहा मुलांना घेऊन पुढचे वर्ग सुरू झाले. घर न सोडता मुलांना विद्यापीठाची पहिली दोन वर्षं शिकता यावीत, हा त्यामागचा विचार. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरला, म्हणजे दोन वर्षांनी विद्यापीठात जायला, लागणाऱ्या ६० युनिट्सचे झाले २,७६० डॉलर. पुस्तकं आणि इतर फी वेगळी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात एका वर्षाची नुसती शिकवणी फी १५ हजारांच्या आसपास आहे. पुढे तिथली पदवी मिळाली की त्या कागदावर तू दोन वर्षं कुठे होतीस याचा उल्लेख नसतो. नातेवाईक विचारतात तेव्हा आईबाबांचीही कुचंबणा होते, हे मला दिसतं. त्यांना एकदा हे आकडे मांडून दाखव. बाबा हिशेबाला पक्के आहेत, त्यांना लगेच पटेल.

आता खऱ्या कामाचं, कारण तुझ्या हातात वाटतो तेवढा वेळ नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसवर, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ इथे, 'टॅग' नावाची सोय आहे. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पूर्ण केला, तर कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. तिथे हमीशिवाय नेहमीचा अर्ज करायचा. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो आणि त्याची मुदत १ ते ३० सप्टेंबर. तुला दोन वर्षांत बाहेर पडायचं असेल, तर तो सप्टेंबर याच वर्षीचा. पण तेव्हा फक्त फॉर्म भरायचा असतो. त्यात लिहायचे विषय आत्ता, या सेमिस्टरला आणि उन्हाळ्यात घ्यावे लागतात.

तुझा विषय बायोलॉजी, म्हणून हे जास्त कळकळीनं सांगते. जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर झाल्याशिवाय ऑरगॅनिक केमिस्ट्रीला बसता येत नाही, आणि ऑरगॅनिकचीही पुढे दोन असतात. ही साखळी एकदा तुटली की एका विषयापायी अख्खं वर्ष लांबू शकतं. 'असिस्ट' ही साइट आजच उघड. ओहलोनीचा कुठला कोर्स डेव्हिसला कुठल्या कोर्सच्या जागी धरतात, सँटा क्रूझला कुठल्या, हे तिथे समोरासमोर मांडलेलं असतं. ते छापून घे आणि काउन्सेलरकडे जा. "मी काय घेऊ?" असं मोघम विचारलंस तर उत्तरही मोघम येईल. कागद पुढे ठेवून "हा क्रम बरोबर आहे का, उन्हाळ्यात यातलं काय उरकता येईल?" असं विचार. एका भेटीत समाधान झालं नाही तर दुसऱ्या काउन्सेलरची वेळ घे. त्यात काही गैर नाही.

केमिस्ट्रीत सी आला म्हणून तू दोन दिवस जेवली नाहीस, असं आई म्हणाली. सीवर पुढचा कोर्स घेता येतो, तेव्हा वाट बंद झालेली नाही. तो कोर्स पुन्हा घेऊन ग्रेड मात्र सुधारता येत नाही. ती सोय डी किंवा एफ असेल तरच. म्हणून जीपीए पुढच्या विषयांनी वर आणायचा. त्यासाठी ऑफिस अवर्सना पहिल्या आठवड्यापासून जा, पेपर बिघडल्यावर नको. आम्ही शिक्षक तिथे बसलेलो असतो आणि बऱ्याचदा कुणीच येत नाही! तुझ्या इंग्रजीला नाशिकचा सूर आहे, त्यानं काही बिघडत नाही. आमच्या वर्गात पाच-सहा भाषांचे सूर सहज असतात.

वर्गातल्या लोकांशीही बोल. रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला येणारा, मुलांना शाळेत सोडून येणारी, सैन्यातून परतलेला. अभ्यासाला वेळ किती मोलाचा असतो हे त्यांना चांगलं कळतं. अशा दोघा-तिघांबरोबर अभ्यासाला बसलीस तर तुझा आळस आपोआप जाईल.

आयलीन कॉलिन्स ही न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराची मुलगी. १९७६ साली तिनं कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून गणितात दोन वर्षांची पदवी घेतली, मग सिरॅक्यूज विद्यापीठात गेली, पुढे हवाई दलात वैमानिक झाली. अमेरिकेच्या स्पेस शटल या अवकाशयानाचं नेतृत्व करणारी ती पहिली स्त्री. जुलै १९९९ मधल्या त्या मोहिमेत तिच्या यानानं 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात सोडली. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव दिलेली दुर्बीण आणि कम्युनिटी कॉलेजातून आलेली कमांडर! मला हे दर वेळी वर्गात सांगावंसं वाटतं. तू अंतराळात जावंस म्हणून हे सांगत नाही. कॉर्निंगमधलं ते गणित तिला पुढे कुठेच कमी पडलं नाही, एवढं तू ध्यानात घ्यावंस.

आणखी एक. एखादा विषय झेपत नसेल तर गप्प बसून एफ ओढवून घेऊ नकोस. कोर्स सोडायच्या तारखा वेळापत्रकात असतात. सुरुवातीच्या तारखेआधी सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, खूणही राहत नाही, नंतर 'डब्ल्यू', म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद, येते. त्या तारखा फोनमध्ये टाकून ठेव. सोडण्याआधी काउन्सेलरला विचार, नाहीतर केमिस्ट्रीची साखळी तिथेच तुटायची.

येत्या आठवड्यात काउन्सेलरची वेळ ठरव आणि ठरली की मला कळव. असिस्टचा कागद घेऊन शनिवारी दुपारी घरी ये, आपण चारही सेमिस्टरचा तक्ता मांडू. डेव्हिस की सँटा क्रूझ, हेही तेव्हाच बोलू. माझ्या मते बायोलॉजीला डेव्हिस तुला जास्त मानवेल, पण दोन्ही कॅम्पस एकदा स्वतः पाहून ये.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
काकू