अपघातानंतर झोप उडाली, सुयांनी येईल का?

प्रश्न: ताई, वर्धा रोडवर अपघात झाल्यापासून आठ महिने झाले, मिस्टर रात्री दचकून उठतात, ट्रकचा हॉर्न ऐकला की घामाघूम. शेजारच्या काकू ॲक्युपंक्चर करा, चिनी औषधं घ्या म्हणून राहिल्या. करू का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर: सुयांचा उपयोग होऊ शकतो. मोठ्या धक्क्यानंतर असा त्रास राहतो त्याला पीटीएसडी म्हणतात; तो असलेल्या ९३ माजी सैनिकांवर अमेरिकेत ट्रायल झाली, २०२४ मध्ये छापून आली, आठवड्यातून दोनदा असे २४ सेशन, आणि वरवर टोचलेल्या सुयांपेक्षा खऱ्या ॲक्युपंक्चरने त्रास जास्त कमी झाला. पण आधी मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत न्या हो, या आजारावर खास समुपदेशन असतं, त्याचा पुरावा जास्त भक्कम आहे, सुया सोबतीला ठेवा. आपल्या राज्यात २०१५ चा ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, म्हणून रजिस्ट्रेशन बघूनच जा, आणि सुया दरवेळी नव्या पाकिटातल्याच. चिनी पुड्या मात्र नको, काही वनस्पतींतल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडने किडन्या गेल्यात लोकांच्या. १९३८ मध्ये डॉ. कोटणीसांसोबत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही युद्धातल्या जखमींच्या सेवेला चीनला गेले होते, त्यामुळे चीनची ही विद्या मला परकी वाटत नाही. आज रात्रीच फार घाबरले तर १४४१६ लावा, टेली मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात.