१२ वर्षांनी अभिनयाकडे परतायचंय, नागपुरात राहून आधी व्हॉइसओव्हर शिकू का?

हो, आवाजापासूनच सुरुवात करा. त्यासाठी नागपूर सोडायची गरज नाही. मी आवाजाचंच काम करते. मोठ्या खंडानंतर आधी दगा देतो तो श्वास, लांब वाक्य अर्ध्यात तुटतं. म्हणून रोज २० मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यासमोर बसून, कूलर बंद ठेवून. मे महिन्यात हे पहाटेच जमतं. मोबाइलचा माईक तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका, नाहीतर 'प' आणि 'भ' म्हणताना हवेचा झोत त्यावर आदळून आवाज फुटतो. वऱ्हाडी हेल मात्र पुसून टाकू नका, हवा तेव्हा आणता आणि बाजूला ठेवता आला की झालं. फक्त एवढ्यानं देहबोली परत येत नाही. त्यासाठी राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेच्या तालमीला नक्की जा.