दुहेरी खेळायचीच, पण एकेरी सोडून नाही

(सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी कॉमर्सला. राज्य पातळीवरच्या टेनिस स्पर्धांत एकेरीत पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरतो, दुहेरीत मात्र उपांत्य आणि अंतिम फेऱ्या गाठतो. उंची आहे, सर्व्हिस चांगली आहे. प्रशिक्षक म्हणतात, एकेरी बंद करा आणि फक्त दुहेरीवर लक्ष द्या. वडील विचारतात, यात पोट भरतं का. आई विचारते, बारावी सोडावी का.)

ताई, नमस्कार.

प्रशिक्षकांनी मुलाचा गुण बरोबर हेरला आहे. पण त्यांचा सल्ला पाच-सहा वर्षं आधी आला आहे. सोळाव्या वर्षी एकेरी सोडू नका.

दुहेरीत नाव काढलेल्यांची वाटचाल बघा. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता होता. २०१८ मध्ये तो एकेरीत ८३ व्या क्रमांकापर्यंत गेला, मग दुखापतींनी गाठलं आणि तो दुहेरीकडे वळला. २०२५ मध्ये मायकेल व्हीनसच्या साथीने त्याने यूएस ओपनची उपांत्य फेरी गाठली. सानिया मिर्झा एकेरीत २७ वी होती. मनगटाच्या दुखण्यामुळे तिने २०१३ मध्ये एकेरी थांबवली आणि २०१५ मध्ये दुहेरीत अव्वल झाली. रोहन बोपण्णा २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगात पहिला आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तोही कित्येक वर्षं डेव्हिस कपमध्ये भारतासाठी एकेरी खेळला, हे फारसं कोणी सांगत नाही. ही सगळी मंडळी एकेरीतून घडून दुहेरीत आली.

यामागे व्यावहारिक कारणही आहे. ज्युनियर आंतरराष्ट्रीय क्रमवारीत एकेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांचे गुण पूर्ण धरतात, दुहेरीच्या सहा निकालांचे फक्त पाव. म्हणजे नुसत्या दुहेरीवर मुलगा ज्युनियर स्पर्धांच्या दारातच अडकेल. पुढे व्यावसायिक स्पर्धांतही जोडीला प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमवारीची बेरीज बघून. एक ९० वा आणि दुसरा २१० वा असेल तर बेरीज ३००. जिची बेरीज कमी, ती जोडी आत. तिथे दुहेरीऐवजी एकेरीचा क्रमांक लावायचीही मुभा असते, म्हणून एकेरीतले चांगले खेळाडू ऐन वेळी नाव घालून दुहेरीवाल्यांच्या जागा घेतात.

आता वडिलांचा प्रश्न. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधल्या सगळ्यात खालच्या, म्हणजे एम-१५ स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. त्यात दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला मिळून हजार डॉलरसुद्धा येत नाहीत. ते दोघांत वाटायचे, कर कापून घ्यायचा आणि विमानभाडं, हॉटेल, रॅकेटची तार बदलणं हे सगळं त्यातून भागवायचं. जिंकूनही आठवडा तोट्यात जातो. आता वरचं टोक बघा. विम्बल्डन २०२५ मध्ये एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड होते, दुहेरीत पहिल्या फेरीत हरणाऱ्या जोडीला १६,५००, म्हणजे माणशी ८,२५०. आठपट फरक. दुहेरीवर नीट संसार चालतो तो साधारण जगातल्या पहिल्या सत्तर-ऐंशी खेळाडूंचा, कारण ग्रँड स्लॅममध्ये ६४ जोड्यांनाच जागा असते आणि त्यातल्याही काही एकेरीवाले घेतात. त्याखाली खिशातून घालावं लागतं. शिवाय या जागाही पक्क्या नाहीत. २०२५ मध्ये यूएस ओपनने मिश्र दुहेरी १६ जोड्यांवर आणली, त्यातल्या आठ एकेरीच्या क्रमवारीवर घेतल्या आणि आठ वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांनी स्वतः निवडून. दुहेरीत मुरलेले बहुतेक खेळाडू बाहेर राहिले. जिंकली मात्र एरानी आणि वावासोरी ही दुहेरीत मुरलेली जोडीच. नेटजवळचं कौशल्य काय चीज आहे हे त्यांनी दाखवलं, याचा मनापासून आनंद वाटतो.

तेच कौशल्य मुलाने आत्ताच कमवायचं आहे. सर्व्हिस चांगली आहे असं लिहिलंत. वेगवान असेल तर उत्तम, पण दुहेरीत ती पडते कुठे याला जास्त मोल आहे. सर्व्हिस कोर्टाच्या मधल्या रेषेवर पडली की समोरच्याला कोन मिळत नाही, चेंडू मधूनच परत येतो आणि नेटवरचा जोडीदार तो आडवा जाऊन मारतो. बाहेरच्या बाजूला टाकली तर दुहेरीत कडेला वाढणारी साडेचार फुटांची गल्ली उघडी पडते. नेटही मध्ये तीन फूट आणि खांबापाशी साडेतीन फूट असतं, म्हणजे मधून मारताना सहा इंच पदरात पडतात. रिटर्नचंही, म्हणजे सर्व्हिस परतवण्याचंही, तसंच. एकेरीत खोल, उंच रिटर्न चालतो; दुहेरीत तोच नेटवाल्याच्या छातीवर जातो. इथे रिटर्न खाली, पुढे धावत येणाऱ्या सर्व्हरच्या पायाशी पडायला हवा.

प्रशिक्षकांना सांगा, आठवड्यातून दोन सत्रं अशी ठेवा: तिरकं अर्धं कोर्ट, दोघंच खेळाडू, प्रत्येक सर्व्हिसनंतर नेटवर यायचंच, अकरा गुणांचा डाव. यात खालच्या व्हॉलीची, म्हणजे टप्पा पडण्याआधीच खाली वाकून मारायच्या फटक्याची, परीक्षा होते; ज्युनियर दुहेरीतली मुलं नेमकी तिथेच उघडी पडतात. डावाच्या शेवटी ४०-४० धरून दहा निर्णायक गुण खेळवा. एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या वरच्या व्यावसायिक स्पर्धांच्या, दुहेरीत ४०-४० नंतर एकच गुण असतो आणि रिटर्न कोणत्या बाजूने घ्यायचा हे रिटर्नवाली जोडी ठरवते. जोडीतला जो कच्चा, त्याची बाजू कोणी निवडत नाही, त्यामुळे त्या क्षणी समोर नेहमी पक्का रिटर्नवालाच असतो. तिसऱ्या सेटऐवजीही दहा गुणांचा टायब्रेकच असतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष आणि महिला दुहेरीत मात्र पूर्ण तिसरा सेट खेळतात.

जोडीदाराबद्दल लिहिलं नाहीत. गावातला मित्र म्हणून जोडी जमवू नका. मुलगा डाव्या बाजूने खेळत असेल तर उजवीकडे भरवशाचा रिटर्न असलेला हवा. गुण दोघांनाही स्वतंत्र आणि पूर्ण मिळतात, त्यामुळे जोडी फुटली तरी कमाई जात नाही. पण पहिल्या फेरीत हरलं की शून्य. जोडीदार एकेरीत पुढे गेला किंवा दुखावला म्हणून दुहेरीतून नाव मागे घेतो, हे पदोपदी घडतं. म्हणून प्रत्येक स्पर्धेला पर्यायी जोडीदाराशी आधीच बोलून ठेवायचं.

बारावी सोडू नका. या मुलाला सगळ्यात योग्य रस्ता अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा दिसतो. तिथे दोन कॉलेजांच्या लढतीत दुहेरीचे तीन आणि एकेरीचे सहा सामने असतात. दुहेरीत दोन जिंकले की संघाला एक गुण. म्हणजे चांगल्या दुहेरीवाल्याला प्रत्येक कॉलेज शोधत असतं, पण त्याला एकेरीही यावी लागते. पुण्याचा अर्जुन काढे ओक्लाहोमा स्टेटमधून आला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊला बोपण्णाबरोबर आशियाई सुवर्ण जिंकली. कॉलेज न करताही वाट निघते; बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ मध्ये सानियाबरोबर रिओ ऑलिम्पिक खेळली. पण शिक्षणाचा आधार असला की पंचविशीपर्यंत दम धरता येतो.

त्या प्रवेशासाठी नववीपासूनचे गुण मोजतात, म्हणून गुणपत्रिका जपा. बारावीनंतर नुसतं खेळत बसलं तर तिथे कॉलेजकडून खेळता येण्याची वर्षं कमी होऊ शकतात. कॉलेज खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेता येते का, याचे नियम बदलत आहेत, तेव्हा पहिला धनादेश घेण्याआधी ज्या कॉलेजशी बोलणं चालू आहे त्यांच्या प्रशिक्षकाला लेखी विचारा आणि प्रवासाच्या सगळ्या पावत्या ठेवा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून स्पर्धांची प्रमाणपत्रंही फाइलला लावत जा.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आयपिन, म्हणजे खेळाडूचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्याबरोबर मॅच-फिक्सिंगविरोधी ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते मुलाच्या शेजारी बसून तुम्हीही बघा. खालच्या पातळीवर, जिथे कमाई नसते, तिथेच मुलांना अनोळखी लोकांचे मेसेज येतात. नुसता नकार पुरत नाही, असा मेसेज आला की कळवणं बंधनकारक आहे.

पुढच्या पत्रात त्याच्या शेवटच्या दहा एकेरी सामन्यांचे स्कोअर पाठवा, आणि तो पहिल्या सर्व्हिसवर हरतो की दुसऱ्या, हे प्रशिक्षकांना विचारून लिहा. दुसरी सर्व्हिस कच्ची असेल तर एकेरीतल्या हारीचं कारण तिथेच सापडेल, आणि ती दुहेरीतही लवकरच नडेल.