चार इंची फुलरेंजला पोर्ट द्यायचा की नाही

तुमचा प्रश्न असा: देवगडला स्वस्तातले चार इंची, ८ ओहमचे फुलरेंज (सगळा आवाज एकट्याने काढणारे स्पीकर) घेतले, डेटाशीट नाही. १२ एमएम एमडीएफचं तीन लिटरचं खोकं, मागे पाच सेंटिमीटरचं भोक. बोलणाऱ्या पुरुषाचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, पावसाळ्यात स्क्रूभोवती एमडीएफ फुगलंय. भोकाला पाइप लावला तर बेस येईल का?

पाइप राहू द्या, आधी भोक बुजवा. तीन लिटर हवेला १२ मिलिमीटर जाडीच्या फळीतलं पाच सेंटिमीटरचं नुसतं भोक जोडलं, की ते खोकं साधारण २०० हर्ट्झला घुमतं. माणसाच्या आवाजाचा भरीव भाग तिथेच असतो, म्हणून मडकं. त्याच्या खाली स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) मागून हवेचा आधारच उरत नाही, त्यामुळे व्हॉल्यूम वाढवला की तो नुसता फडफडतो. पोर्ट, म्हणजे हवेसाठीचं असं भोक किंवा पाइप, द्यायचा की नाही हे ड्रायव्हरच्या (म्हणजे नुसत्या स्पीकरच्या) क्यूटीएसवर ठरतं; कोनचं थरथरणं किती लवकर थांबतं, त्याचा हा आकडा, आणि तो घरी मोजता येतो.

ड्रायव्हर आधी पाच-सहा तास मध्यम आवाजात वाजवून मोकळा करा. मग हवेत टांगा किंवा मॅग्नेट धरून उभा करा, टेबलावर पालथा नको. अँप्लिफायरच्या आउटपुटला १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आणि ड्रायव्हर सीरिजमध्ये जोडा. मोबाइलच्या टोन जनरेटर अॅपमधून साइन वेव्ह द्या, अँपचा आवाज साधारण ५ व्होल्टवर ठेवा. मीटरला २ किंवा २० व्होल्टची एसी रेंज हवी. ज्यात एसी २०० व्होल्टपासूनच सुरू होतं, तो इथे उपयोगाचा नाही. ड्रायव्हरवरचे व्होल्ट भागिले रेझिस्टरवरचे व्होल्ट, गुणिले १००, ही त्या फ्रिक्वेन्सीची इंपिडन्स (एसी करंटला होणारा अडथळा). ती जिथे सर्वांत जास्त, तो एफएस, म्हणजे ड्रायव्हर स्वतः घुमतो ती फ्रिक्वेन्सी.

उदाहरण घ्या. डीसी रेझिस्टन्स ६.८ ओहम, ९० हर्ट्झला शिखर ३४ ओहम. ३४ ला ६.८ ने भागलं की ५. आता ज्या दोन फ्रिक्वेन्सींना इंपिडन्स ३४ आणि ६.८ च्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १५.२ ओहम येते, त्या शोधा. समजा ५८ आणि १३९, फरक ८१. ९० गुणिले ५ चं वर्गमूळ, भागिले ८१, म्हणजे क्यूएमएस (ड्रायव्हरचा नुसता यांत्रिक क्यू) सुमारे २.५. त्याला ५ ने भागलं की क्यूटीएस ०.५. दोन फ्रिक्वेन्सींचा गुणाकार एफएसच्या वर्गाजवळ (इथे ८१००) आला नाही, तर मोजणी चुकली आहे, पुन्हा करा.

व्हास, म्हणजे ड्रायव्हरच्या लवचिकतेशी बरोबरी करणारी हवा किती लिटर, तोही याच मार्गाने निघतो: माहीत असलेल्या आकाराच्या बंद डब्यात बसवून शिखर कुठे सरकलं ते पाहा. पाच लिटरच्या डब्यात ते ९० वरून १२७ वर गेलं, तर (१२७ ÷ ९०) चा वर्ग वजा १, गुणिले ५, म्हणजे व्हास सुमारे ५ लिटर.

०.५ ला माझं मत स्पष्ट आहे: बंद डबा. क्यूटीएस ०.४ च्या आत असेल तरच पोर्टचा विचार करा. ०.७ च्या वर गेला, तर डबा विसरून उघडा बॅफल (मागे डबा नसलेली नुसती फळी) करा. स्वस्त ड्रायव्हरचं मॅग्नेट लहान असतं, त्यामुळे क्यूटीएस बहुतेक वेळा ०.५ च्या पुढेच निघतो. शिवाय कोकणात पोर्टच्या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर बांधते, त्यामुळे जाळी लावावीच लागते.

वरच्या ड्रायव्हरला पाच लिटर निव्वळ पुरतं; डब्यातला क्यू ०.७ येतो आणि १२७ हर्ट्झखाली आवाज उतरत जातो. आतून १६ × २५ × १४ सेंटिमीटर म्हणजे ५.६ लिटर, ड्रायव्हर आणि आधारपट्टीचे अर्धा-पाऊण लिटर वजा जातात. १२ एमएम प्लायमध्ये प्रत्येक डब्याला: पुढचा-मागचा १८.४ × २७.४ चे दोन, बाजू २७.४ × १४ च्या दोन, वर-खाली १६ × १४ चे दोन. दोन डबे २ × ४ फुटांच्या एका तुकड्यात बसतात.

प्लाय आयएस ७१० चा मरीन घ्या. एमडीएफ आपल्या हवेत कडेने फुगणारच. फणसाच्या फळीचा मोह होईल, घरात जुनी पडलेली असते; पण अख्खं लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसून सांधे उघडतं. पॉलिश किंवा सनमायका बाहेर लावलात तर आतूनही काहीतरी लावा, नाहीतर फळी एका अंगाने ओल घेऊन वाकते. कापलेल्या कडांना दोन हात जास्त. सांध्याला पाण्यात न सुटणारा सुतारी गोंद वापरा, आणि पावसाळ्यात क्लँप रात्रभर काढू नका.

ड्रायव्हरचं भोक त्याच्या मापाने पाडा आणि मागची कड ४५ अंशांत कानसून घ्या. छोट्या ड्रायव्हरची मागची हवा जाड फळीच्या नळीत कोंडते, हे बहुतेकजण विसरतात आणि मग मधला आवाज दबका का म्हणून विचारतात. स्क्रू ३०४ स्टीलचे. खाऱ्या हवेत साधे दोन पावसाळेही काढत नाहीत. आतले सांधे सिलिकॉनने बुजवत असाल तर व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांब्याच्या तारेला खातं. क्लिपऐवजी तारा थेट झाळून घ्या. ड्रायव्हरखाली दाराची फोमपट्टी लावा.

आत पॉलिस्टर फायबर (उशीत भरतात तो) डब्याला ७० ते ८० ग्रॅम, सैल. सावरीचा कापूस किंवा काथ्या नको, ओल धरतात. मग तपासणी: कोन दोन्ही बाजूंनी हलक्या बोटांनी आत दाबा, काही सेकंद धरा आणि सोडा. हळू परत यायला हवा. पटकन उसळला तर कुठेतरी हवा गळते.

बसवल्यावर आवाज पातळ वाटला तर तो दोष अरुंद बॅफलचा, म्हणजे पुढच्या फळीचा. १८.४ सेंटिमीटर रुंदीला सुमारे ६२५ हर्ट्झच्या खाली आवाज मागेही पसरतो. ३.९ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर आणि १.२ मिलिहेन्रीची कॉइल समांतर जोडून ती जोडी ड्रायव्हरच्या सीरिजमध्ये टाका. वरची पट्टी ४ डेसिबल उतरते. डबे चिऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवणार असाल तर भिंतच खालचा भाग उचलते, तेव्हा आधी हे न लावता ऐका. गणपतीत पडवीभर आरती ऐकवायची असेल तर चार इंचीकडून ती अपेक्षाच नको, ड्रायव्हरच्या आतली कॉइल जळेल.

शेवटी दोन्ही ड्रायव्हरची दिशा तपासा: दीड व्होल्टच्या सेलचा प्लस प्लसला क्षणभर टेकवला की दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर त्याच्या तारा उलट्या करा.