शिकवता शिकवता शैक्षणिक तंत्रज्ञान शिकताना

शिक्षकाची नोकरी सोडून शैक्षणिक तंत्रज्ञानाची पूर्णवेळ पदवी करू नका, एवढं आधीच सांगते. या विषयाची खरी प्रयोगशाळा म्हणजे वर्ग, आणि तो तुमच्याकडे रोज आहे. अर्धवेळ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम बघा. प्रवेशाआधी विषयांची यादी नीट वाचा. नुसती सॉफ्टवेअरची नावं दिसली तर सोडून द्या, ती बदलत राहतात.

सुरुवातीलाच ‘अ‍ॅडी’ भेटेल, म्हणजे पाठ किंवा अभ्यासक्रम रचण्याची पाच टप्प्यांची पद्धत: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. यातल्या विश्लेषणाला, म्हणजे मुलं नेमकी कुठे अडतात हे शोधण्याला, आपण घाईत फाटा देतो. तिथेच रेंगाळा. पुष्कळ मुलं १/४ पेक्षा १/८ मोठा म्हणतात, कारण ४ पेक्षा ८ मोठा! हा गोंधळ ओळखला नाही, तर देखणा व्हिडिओसुद्धा वाया जातो. ओळखला, तर पट्टीचे तुकडे स्क्रीनवर सरकवून एकमेकांखाली लावायचा साधा सरावही पुरतो. चित्रं आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो, यावरचं मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं संशोधनही जरूर वाचा. चित्र दाखवत तुम्ही जे बोलताय, तेच शब्दन्‌शब्द पडद्यावर लिहिले की शिकणाऱ्याला बहुधा मदत होत नाही, उलट ओझं वाढतं.

असं प्रत्येक काम मुलांच्या आधीच्या-नंतरच्या उत्तरांसकट जपून ठेवा, नावं मात्र झाकून. पुढे तंत्रज्ञान मार्गदर्शक किंवा अभ्यासक्रम रचनाकार व्हायचं असेल, तर माझ्या मते मुलाखतीत पदवीइतकंच वजन या संग्रहाला असतं.

सहकाऱ्यांना मदत कराच, पण ‘प्रोजेक्टर बंद पडला की बोलवायचा माणूस’ होऊ नका. मुख्याध्यापकांकडे महिन्यातून एक तास मागून घ्या आणि त्यात सगळ्यांनी मिळून एकच पाठ नव्याने आखा.