शहरातल्या गच्चीवर वेधशाळा बांधून 80 मिमीच्या रिफ्रॅक्टरने (भिंगाच्या दुर्बिणीने) तेजोमेघांचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे, फोटो निघतील का, की मोठी दुर्बीण घ्यावी?

निघतात. मी पुण्यात घराच्या गच्चीवरून तेच करतो, रिफ्रॅक्टरही 80 मिमीचाच. तेजोमेघाचा जगातला पहिला फोटोसुद्धा घरच्या वेधशाळेतलाच. 30 सप्टेंबर 1880 ला हेन्री ड्रेपर या डॉक्टरने न्यूयॉर्कजवळच्या स्वतःच्या वेधशाळेतून मृगातला तेजोमेघ टिपला. त्याचा रिफ्रॅक्टर 11 इंची होता म्हणा, पण काचेची प्लेट त्याला जवळजवळ 50 मिनिटं उघडी ठेवावी लागली.

मोठी घेऊ नका. मृगातल्या काक्षी ताऱ्याच्या पूर्वेचा रोझेट तेजोमेघ चंद्रबिंबाच्या अडीचपट रुंद आहे. मोठ्या दुर्बिणीत त्याची एखादी पाकळी मावेल. वाचलेले पैसे माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या यंत्रात घाला.

आपल्याकडची खरी डोकेदुखी ध्रुवताऱ्याची, कारण माउंटचा अक्ष त्याच्या दिशेने लावावा लागतो. पुण्यात तो क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश, आणि माझ्याकडून नेमका शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. पहिले तीन महिने मी टाकीच्या कडेने अंदाजाने अक्ष लावत होतो. प्रत्येक फोटोत तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. आता संगणक डोक्यावरच्या आकाशाचे तीन फोटो घेऊन अक्ष किती चुकलाय ते सांगतो, मी स्क्रू पिळतो. शिवाय इथे माउंट इतका आडवा होतो की काही माउंटांचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला आपटतो. म्हणून पक्का खांब घ्या, तोही खालच्या कॉलमच्या बरोबर डोक्यावर. स्लॅबच्या मध्यावर घेतलात तर कोणी चहा घेऊन वर आलं तरी तारा नाचतो.

शहरी उजेडाचं फार मनावर घेऊ नका, निदान लाल तेजोमेघांपुरतं. हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरला चमकतो, ऑक्सिजन 500.7 ला; ड्युअल-बँड फिल्टर जवळपास तेवढंच आत सोडतो. कृत्तिकांभोवतीची निळी झाक मात्र ताऱ्यांचाच परावर्तित उजेड. तिथे हा फिल्टर काही कामाचा नाही, गाडी काढून अंधारात जावं लागतं.

माझा रोझेट जानेवारीच्या दोन रात्रींत झाला: तीन-तीन मिनिटांचे 80 फोटो, म्हणजे चार तास. सुटा फोटो उघडला तर काळ्यावर राखेचं बोट फिरवल्यासारखं एक कडं, तेही असल्याची शंका यावी इतकं पुसट. सगळे फोटो सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) एकावर एक रचले, तेव्हा मधली काळी भोकं आणि धुळीचे धागे दिसायला लागले. लेन्सला दव धरू नये म्हणून हीटरची पट्टी विसरू नका. माझी एक अख्खी रात्र त्यापायी गेली आहे.

जून ते सप्टेंबर दुकान बंद. लेन्स घरात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट. नाहीतर बुरशी धरते.

आणि सरकतं छप्पर बांधायची घाई नको. एक हिवाळा नुसत्या तिपाईवर काढा. कुणाची टाकी कुठे आडवी येते, कुणाचा हॅलोजन किती वाजता बंद होतो, ते बघून मग खांबाची जागा ठरवा.