बाई, एक विचारू? : वचन कुणी द्यायचं, कुणी नाही

या खेपेला तीन पत्रं स्काऊट-गाइडची आली आहेत. मी गाइड कॅप्टन होते हे संपादकांनी मागच्या अंकात छापलं, त्याचा हा परिणाम. हरकत नाही, या विषयावर बोलायला मला चहासुद्धा लागत नाही.

प्रश्न : बाई, मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी हायस्कुलात गणित शिकवतो. स्काऊट मास्टरचं कामही माझ्याकडेच आहे. आठवीतला एक मुलगा पथकात सगळ्यांत हुशार. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, सगळ्यात पुढे. दीक्षाविधी, म्हणजे वचन देऊन रीतसर स्काऊट व्हायचा कार्यक्रम, जवळ आला तसा म्हणाला, ‘सर, ईश्वराचं नाव घेऊन मी वचन देणार नाही.’ वडील अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. एसडीएमसीतले (म्हणजे शाळेच्या विकास समितीतले) दोघे-तिघे म्हणतात, नियम मान्य नसेल तर पथकात राहायचं कशाला? त्यांतल्या एकाचा भाचा अमेरिकेत आहे. तिकडे म्हणे सुप्रीम कोर्टानेच स्काऊटला ‘कुणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा’ असं सांगितलंय. मुलाला काढावं का? आणि ठेवलं तर मूल्यं सैल पडणार नाहीत का?

उत्तर : सर, काढायचं नाही. आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी अमेरिकेपासून बंगळूरपर्यंत हिंडणार आहे आणि तुमच्या समितीला तेवढा दम निघायचा नाही.

भारत स्काऊट्स आणि गाइड्सच्या नियमातच सोय आहे. वचनात ‘ईश्वर’च्या जागी ‘धर्म’ म्हणायचं असेल तर म्हणता येतं. वचन घोकून घेताना ही टीप कोण वाचून दाखवतंय! तुम्ही दाखवा. ‘धर्म’ म्हणजे आपलं कर्तव्य, या अर्थाने त्याला ते चालत असेल तर दीक्षा द्या आणि विषय मिटवा. मात्र विचारायचं ते मुलाला, त्याच्या वडिलांना नव्हे. पोरगं स्वतःच्या डोक्याने बोलतंय की घरात ऐकलेलं, हे त्याच्याबरोबर तासभर रानातून चाललं की कळतं. तेही त्याला नको असेल तर दीक्षा थोडी पुढे ढकला, पण शनिवारी त्याला येऊ द्या. लहान मुलांना गाठी तोच शिकवेल. ब्रिटनच्या स्काऊट संघटनेने देव न मानणाऱ्यांसाठी जानेवारी २०१४ पासून वेगळं वचन ठेवलंय. आपल्याकडेही असावं असं मला वाटतं, पण ते काही खानापूरच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात ठरायचं नाही.

आता भाच्याची अमेरिका. त्याने सांगितलं ते खरं, पण अर्धं. जेम्स डेल नावाचा न्यू जर्सीतला तरुण. लहानपणापासून स्काऊट, तिथला सगळ्यांत वरचा ईगल स्काऊटचा दर्जा मिळवलेला, पुढे सहायक स्काऊट मास्टर. तो समलिंगी आहे हे वर्तमानपत्रातून कळल्यावर १९९० साली ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ या संस्थेने त्याला काढलं. संस्थेचं म्हणणं असं, की वचनातला नीतीचा शब्द आणि नियमातला ‘शुद्ध’ हा शब्द यांत असं वर्तन बसत नाही. हा वाद दहा वर्षं चालला. राज्यातलं वरचं कोर्ट डेलच्या बाजूने गेलं, सुप्रीम कोर्टाने २००० साली पाच विरुद्ध चार मतांनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला. खाजगी संस्थेला आपली मूल्यं आणि आपले सभासद ठरवता येतात, एवढंच त्याचं सार. संस्थेचं वागणं योग्य होतं, असा दाखला कोर्टाने दिलेला नाही. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून विहिरीला कुलूप घालणारी माणसं आपण गावात बघतोच की.

आणि पुढचं भाचा विसरला. त्याच संस्थेने २०१३ साली समलिंगी मुलांवरची बंदी उठवायचा ठराव केला, २०१५ साली मोठ्या माणसांवरची उठवली, २०१९ पासून मुलींची पथकं घेतली आणि २०२५ मध्ये नावातून ‘बॉय’ काढून ‘स्काऊटिंग अमेरिका’ असं नाव घेतलं. कोर्टात जिंकलेला हक्क पंधरा-वीस वर्षांत आपणहून खाली ठेवला. देवावर श्रद्धा हवी, ही अट मात्र तिथे अजून आहे, हेही तुमच्या समितीला सांगा. लपवू नका, नाहीतर तेच उद्या तुम्हाला ऐकवतील.

मला खरी चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. नीतीच्या नावाने डेलसारख्यांना दाराबाहेर ठेवलं जात होतं त्या काळात, मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या माणसांच्या गोपनीय फायली याच संस्थेच्या कपाटात होत्या. ओरेगॉन राज्यातल्या कोर्टाच्या आदेशाने २०१२ साली त्यांतल्या हजारावर फायली बाहेर आल्या. २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भरपाई मागणारे ऐंशी हजारांहून जास्त दावे दाखल झाले. राखणदार उभा होता, पण त्याची नजर भलत्याच माणसावर होती. म्हणून समितीतल्या त्या दोघा-तिघांना उलट विचारा. जांबोटीला किंवा कणकुंबीला कॅम्प निघतो तेव्हा मुलांबरोबर मोठी माणसं किती असतात? एकटा शिक्षक एकट्या मुलाला घेऊन तंबूत बसत नाही ना? बाहेरून ‘ट्रेनर’ म्हणून येणाऱ्याची चौकशी कुणी केली? मुलाला तक्रार करायची झाली तर ती कुणाकडे? आठवीतल्या पोराने देव मानला नाही तर कॅम्पवर कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर कॅम्पच रद्द करा, मी तुमच्या बाजूने पत्र देईन.

‘नियम म्हणजे नियम’ म्हणणाऱ्यांना आपल्याच कर्नाटकातली गोष्ट सांगा. भारतात स्काऊटिंग सुरू झालं १९०९ साली, बंगळूरला. पण ते साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय पोरांना प्रवेश नव्हता, आणि तोही नियमच होता. राजनिष्ठेचं मूल्य जपायचं, असं तेव्हाही म्हणता येत होतं. मग मद्रासकडे अॅनी बेझंट आणि अलाहाबादला पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी आपल्या मुलांसाठी वेगळी पथकं काढली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळं ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ या एका छत्राखाली आलं, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गाइडही त्यात आल्या. तेव्हापासून जात, वंश, पंथ न बघता सर्वांना खुली, अशी संस्थेची व्याख्या आहे. तो पहिला नियम तसाच राहिला असता तर तुमच्या समितीतल्या एकाच्याही गळ्यात स्कार्फ पडला नसता.

मूल्यं सैल पडतील का? आपले नियम नऊ. विश्वासू, निष्ठावान, सर्वांचा मित्र, नम्र, प्राण्यांचा मित्र आणि निसर्गावर प्रेम करणारा, शिस्तीचा आणि सार्वजनिक मालमत्ता जपणारा, धैर्याचा, काटकसरी, आणि मनाने, बोलण्याने, वागण्याने शुद्ध. यांत मूल कुणाचं आहे, काय मानतं, हे कुठेच विचारलेलं नाही. सगळं वागण्याबद्दल आहे. आणि वागणं पाठांतराने येत नाही, हे मला सत्कृत्याच्या वह्यांनी शिकवलं. रोज एक चांगलं काम करायचं आणि वहीत लिहायचं. एका आठवड्यात अर्ध्या मुलींनी लिहून आणलं, ‘आज आंधळ्या आजोबांना रस्ता ओलांडून दिला.’ शहापुरात इतके आंधळे आजोबा असते तर खडेबाजारात रहदारी थांबली असती! वचन या सगळ्या मुलींना धडाधड पाठ होतं, ईश्वरासकट. त्यांच्यातच एक होती, तिच्या वहीत आठवडाभर एकच ओळ. ‘आईचा ताप उतरेपर्यंत पाणी मी भरलं.’ तिला वचनाची दुसरी ओळ कधी आठवली नाही, मी तिला संघनायक, म्हणजे पथकातल्या एका लहान गटाची प्रमुख, केलं.

तुमच्या पोराची वही एकदा उघडून बघा, सर. मग संघनायकांची बैठक घ्या, जिला आपण कोर्ट ऑफ ऑनर म्हणतो, आणि त्यांनाच विचारा. एसडीएमसीपेक्षा मुलं शहाणपणाने बोलतात, फक्त आपण मध्ये बोलायचं नाही.

प्रश्न : बाई, मी बेळगावात दहावीत आहे आणि आमच्या पथकात संघनायक आहे. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या संचलनाला आमच्या पथकाला बोलावतात. आमच्या घरी त्या दिवशी काळा दिन पाळतात. मामा म्हणतो, संचलनाला गेलास तर घरात येऊ नकोस. सर म्हणतात, शिस्त हा स्काऊटचा नियम आहे. मित्र म्हणतात, स्कार्फ घालूनच मूक सायकल फेरीत चल, लोक बघतील तरी. मी काय करू?

उत्तर : अरे, तुला तिघांनी तीन दिशांना ओढलंय आणि तिघेही मोठ्या आवाजाचे दिसतात.

सोपं आधी. स्कार्फ घालून फेरीत जायचं नाही. १९५६ साली त्या दिवशी आपली गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, त्याचं दुःख तुझ्या आजोबांनी सोसलंय. फेरीत जायचं की नाही हे तू आणि तुझ्या घरच्यांनी ठरवा. पण स्काऊट ही बिनराजकीय चळवळ आहे, आणि तो स्कार्फ तुझ्या एकट्याचा नाही. तुझ्या संघात कानडी, उर्दू बोलणारी मुलं असतील, त्यांचाही तोच आहे. जायचं तर साध्या शर्टात जा. लोकांनी बघावं म्हणून कुठेच जाऊ नये, असं माझं जुनं मत आहे, पण तुझ्या वयात ते पटत नाही, ठाऊक आहे मला.

आता संचलन. सर शिस्तीचा नियम सांगतात, तो आहेच. पण संस्थेच्या व्याख्येत ही चळवळ ‘स्वयंसेवी’ आहे असंही म्हटलंय. मनाविरुद्ध ओढून नेलेला स्वयंसेवक कसला? सरांकडे जा आणि घरी काय चाललंय ते तोंडावर सांग. चार दिवस आधी सांग, म्हणजे त्यांना दुसरा संघनायक बघता येईल. आयत्या वेळी ‘ताप आलाय’ म्हणून चिठ्ठी पाठवायची नाही. आपल्याकडे दर वर्षी ३१ ऑक्टोबरच्या रात्री पोरांना ताप भरतो, मी पाहिलाय तो. विश्वासू असणं हा पहिला नियम आहे, शिस्त नंतर येते. तुला पटत असेल तर संचलनाऐवजी प्रथमोपचाराच्या टेबलावर किंवा पाण्याच्या टाकीपाशी काम माग. चक्कर येऊन पडणारा माणूस कुठल्या भाषेचा आहे हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि तुझ्या संघातल्या मुलांचं तू ठरवू नकोस. एखाद्याला संचलनात चालायचं असेल तर चालू दे, त्याला ‘फितूर’ म्हणणाऱ्याला गप्प बसवणं हे संघनायकाचं काम. मामाचं मी काय सांगू? दिवाळीचे दिवस असतात, फार तर चार दिवस बोलणार नाही.

सरांनीही हे वाचावं म्हणून लिहिते. मुलांच्या गणवेशाचा उपयोग निष्ठा मोजायच्या फूटपट्टीसारखा करू नये. मराठी हायस्कुलातली किती मुलं राज्योत्सवाला आली याची यादी कुणी मागितली तर ती द्यायचं काम स्काऊट मास्टरचं नाही.

प्रश्न : माझी मुलगी निपाणीत सहावीत आहे. गाइडमध्ये तिला प्रार्थना, रांगोळी आणि पाहुण्यांना ओवाळणं एवढंच देतात. मुलगे मैदानात तंबू ठोकतात. तिला स्काऊटमध्ये घालता येईल का? नियम आड येतो असं शाळेत सांगतात.

उत्तर : ताई, आपल्याकडे मुलगे स्काऊट, मुली गाइड, अशी वेगळी पथकं आहेत, तेवढं शाळेचं बरोबर. ब्रिटनमध्ये १९९१ पासून स्काऊटच्या सगळ्या वयोगटांत मुलींना घेता येऊ लागलं आणि २००७ पासून ते बंधनकारकच झालं. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होईल. पण मुलीला हलवण्यापेक्षा गाइडच्या कॅप्टनना हलवा. गाइडच्या अभ्यासक्रमात गाठी आहेत, होकायंत्र आहे, प्रथमोपचार आहे, कॅम्प आहे. मुलींनी तंबू ठोकू नये असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि पाहुण्यांना ओवाळावं असंही नाही. ते शाळेने घुसडलंय.

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटचा मेळावा भरला, तिथे काही मुली बोलावणं नसताना गणवेशासारखे कपडे करून हजर झाल्या आणि आम्हालाही हे हवं म्हणाल्या. त्यातूनच पुढच्या वर्षी गाइड निघालं. ओवाळायला नव्हत्या आल्या त्या.

तेव्हा चार-पाच आया मिळून शाळेत जा आणि गाइडचं प्रवेश व प्रथम सोपानचं पुस्तक बरोबर न्या. कॅप्टनबाईंना तंबू येत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांचं प्रशिक्षण जिल्हा संस्थेकडून होतं, शाळेने त्यांना रजा द्यायला हवी. ती देत नसतील तर मला परत लिहा, मुख्याध्यापकांच्या पदासह लिहा. नाव नको, पद पुरे.